शरणम्माच्या पायाचा अंगठा

तुळजापूरच्या आईची शप्पथ घेऊन सांगते, ह्यातलं अक्षरन् अक्षर खरं हाय! एक शब्द जरी खोटा निघाला तर माझ्या तोंडातले उरलेले चार दात आजच्या आज भाकरीत अडकून पडू देत. मोठ्यानं शप्पथ घेतली म्हणून हसू नका. हळू घेतलेली शप्पथ देवाला ऐकू जात न्हाय, अन् माणसाला तर मुळीच न्हाय.

तर नळदुर्गाच्या अलीकडं, बोरी नदीच्या अंगाला एक गाव हाय. नाव सांगत न्हाय, कारण त्यातली माणसं अजून जित्ती हायेत अन् त्यांना माझं घर ठाऊक हाय. त्या गावात शरणम्मा म्हणून एक लिंगायताची म्हातारी. पासष्टी उलटलेली. अंगानं काटकुळी, पर जिभेनं चांगली बाळसेदार. घरात दोनच माणसं, एक ती अन् एक तिची सून शिवलीला. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी चालायचं, म्हणून सून सासूला ‘अत्ती’ म्हणायची. लेक अमरनाथ पुण्याला. खोली बघतो अन् बायकोला नेतो म्हणून गेला, त्याला सात वर्षं झाली. खोली अजून बघतोच हाय. तिकडं त्याचं दुसरं काय काय हाय ते सगळ्या गावाला ठाऊक व्हतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

शरणम्माला एक खोड व्हती. सोंग. कामाचा दिवस आला की कंबर धरायची, कुणी पाहुणा निघायला लागला की घेरी यायची. छातीतली कळ तर हुकमी. शिवलीला म्हणायची, “अत्ती, एस्टी तरी कधीमधी उशिरा येती. तुमची कळ कशी टायमाला येती अन् चहा पिऊन जाती.”

सगळ्यात मोठं सोंग घेतलं ते दोन वर्षांमागं. लेक दिवाळीला येत न्हाय, फोन उचलत न्हाय. मंग एके दिवशी शरणम्मा भुईवर आडवी झाली, डोळं पांढरं केलं, श्वास कोंडला. शेजारच्या धुरपताबाईनं हंबरडा फोडला. कुणीतरी पुण्याला फोन लावला, “अव्वा गेली रं.” अमरनाथ निघाला. इकडं शिवलीला शेतातनं आली, सासूच्या उशाला न्हाय बसली, पायथ्याला बसली. बघती तर उजव्या पायाचा अंगठा हलतोय. म्हातारीला सोंग घेताना आतनं हसू यायचं. ते ती तोंडात दाबायची, गळ्यात दाबायची, पोटात दाबायची, अन् दाबता दाबता ते खाली उतरून अंगठ्यातनं बाहेर पडायचं. शिवलीला म्हणाली, “उठा अत्ती, अंगठा हसतोय तुमचा.”

अमरनाथ तवर टेंभुर्णीपर्यंत आलेला. खरं काय ते कळल्यावर तिथल्या ढाब्यावर जेवला अन् तसाच माघारी फिरला. तवापासनं आईचा आवाज नको म्हणून त्यानं गावाकडचा नंबरच बंद करून टाकला. भावकीतल्या उमाशंकरचा तेवढा चालू ठिवला.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं ह्या अंगठ्यावर हाय.

गेल्या श्रावणातली गोष्ट. शरणम्मा भुईवर एक वाकळ टाकून अन् एक पांघरून निजायची. पहाटं तिच्या कोपराला मुंगी डसल्यासारखं झालं. तिनं झोपेतच झटकलं अन् कूस बदलली. ना सूज, ना रगत, ना आग. उजाडलं तवा पोटात पिळा पडायला लागला.

शिवलीला चुलीपुढं भाकरी बांधत व्हती. त्या दिवशी सोयाबीनची खुरपणी, चार बायका सांगितलेल्या.

“शिवे, पोटात पीळ पडलाय गं.”

“पडणारच की. आज खुरपणी हाय.”

“खरंच दुखतंय.”

“काल वरणफळं दोनदा वाढून घेतली तवा न्हाय दुखलं.” असं म्हणाली, पर ओवा चुरगाळून गरम पाण्यासंगं दिला. शरणम्मानं घोट घेतला तर तो घशात उतरंना. अर्धा खाली सांडला.

“गिळवंना गं.”

“मला बी गिळवंना झालंय, सात वर्षं.”

मंग थोड्या येळानं शरणम्मा म्हणाली, “पापण्या उचलंनात माझ्या.”

“मग नका उचलू. उघड्या ठिवून तरी कोणतं दळण पडतंय.”

शरणम्मानं अजून काय तरी म्हटलं. जीभ जड झालेली, शब्द लोळत लोळत बाहेर आले. शिवलीला उंबऱ्यात थांबली. मागं वळून तिनं सासूच्या पायाकडं बघितलं. पाय वाकळंखाली व्हते. तिनं क्षणभर इचार केला, की वाकळ उचलावी अन् अंगठा बघावा. बाहेरून बायकांनी हाक मारली. तिनं वाकळ उचलली न्हाय. खुरपं घेतलं अन् गेली.

शरणम्मा एकटी राहिली. आधी मान गेली, मंग हात, मंग पाय. गेले म्हंजी दुखले न्हाईत, बधिर बी झाले न्हाईत. माशी बसली तर कळत व्हतं, वाकळंचा टाका टोचला तर कळत व्हतं. फक्त म्हटलेलं ऐकंनात. तोंडात लाळ भरत चालली, ती गिळता येईना. श्वास वरवरचा, चिमणीएवढा.

माणसाच्या अंगात हे कसं असतं, ते पुढं धाराशिवच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं शिवलीलेला समजावून सांगितलं. म्या ते इथंच सांगून टाकते, म्हंजी घोळ नको. कवटीत मेंदू, ती आपली लाईटीची डीपी. तिथनं पाठीच्या मणक्यांमधनं एक केबल खाली उतरती, करंगळीएवढी जाड. तिला म्हणतेत मज्जारज्जू. दर मणक्याशी तिला फाटा फुटतो, फाट्याला फाटे, अन् शेवटी केसाहून बारीक तार मासापाशी येऊन थांबती. थांबती बरं का, चिकटत न्हाय. तार अन् मास ह्यांच्यामधी फट असती, डोळ्याला न दिसणारी. तारेच्या टोकाला औषधाच्या बारक्या पुड्या भरून ठिवलेल्या असतेत. मेंदूचा हुकूम आला की पुड्या फुटतेत, औषध फटीपल्याड जातं, मास आखडतं, बोट हलतं. मण्यार चावली, म्हंजी ती काळी, पांढऱ्या पट्ट्यांची, दबा धरून वाकळंत शिरणारी, की तिचं इख त्या पुड्याच संपवून टाकतं. डीपी चालू, केबल शाबूत, मोटार बी शाबूत, मधला फ्यूज तेवढा कुणी काढून नेलेला. अन् कानानं ऐकायची, कातडीनं सोसायची लाईन येगळी. ती चालूच.

धुरपताबाई इरजण मागायला आली तवा दहा वाजले असतील. तिनं हलवलं, हाका मारल्या, अन् गावच्या हरिबाला बोलवायला पळाली. हरिबा एका डॉक्टरापाशी बावीस वर्षं कंपाउंडर व्हता. डॉक्टर मेला, हरिबा उरला, म्हणून गावात आता तोच डॉक्टर. त्यानं मनगट चाचपलं. तंबाखू मळून मळून त्याची बोटं खापरासारखी झालेली, त्यांना काय लागणार. नाकापुढं तळहात धरला, तर डोक्यावर पंखा गरगर फिरत व्हता, सगळीकडनं वाराच वारा. मंग त्यानं पापणी वर करून मोबाईलची बॅटरी डोळ्यात मारली.

शरणम्माला दिसत व्हतं. उजेड दिसला, हरिबाच्या नाकातले केस सुदिक दिसले. मनातल्या मनात ती ओरडली, “आरं मुडद्या, जित्ती हाय मी.” तोंडापर्यंत काय आलं न्हाय.

“बाहुली आकसंना,” हरिबा म्हणाला. “शीर बी लागंना. गेली म्हातारी.”

आपल्याकडं हाच घोळ हाय. रगताची बी शीर अन् हुकुमाची बी शीर, दोन्हीला शब्द एकच. हरिबानं रगताची चाचपली. दुसरी चाचपायची असती हे त्याच्या बावीस वर्षांत आलंच नव्हतं.

लिंगायतात मयताला आडवं ठिवत न्हाईत. अंघोळ घालून, कपाळाला भस्म लावून, मांडी घालून बसवतेत अन् बसवूनच माती देतेत. बायकांनी शरणम्माला अंघोळ घातली. पाणी गार व्हतं. तिला हुडहुडी भरली, पर ती आतल्या आतच. मंग भिंतीला टेकून मांडी घालून बसवली, मान पडू नये म्हणून हनुवटीखालनं लुगड्याचा धडपा घेऊन वरच्या खुंटीला बांधला, अन् डाव्या तळहातावर तिचं गळ्यातलं लिंग ठिवलं. ते दोनदा घरंगळलं, मंग मूठ मिटवून सुतानं बांधली.

डॉक्टरीणबाई पुढं म्हणाली, “आडवी ठेवली असती तर लाळ श्वासात जाऊन तासाभरात संपल्या असत्या.” बसवली म्हणून लाळ ओठाच्या कोपऱ्यातनं पदरावर गळायला लागली, अन् श्वासाला सुईच्या नेढ्याएवढी वाट राहिली. ज्या रिवाजानं तिला मातीत घालणार व्हते, त्याच रिवाजानं तिला तवर जगवली.

धुरपताबाई पदरानं ओठ पुसत म्हणाली, “बघा बाई, मेल्यावर बी हिच्या तोंडाला पाणी सुटतंय.”

उमाशंकरनं पुण्याला फोन लावला. स्पीकरवर. दोन वर्षांनी शरणम्माच्या कानावर लेकाचा आवाज पडला.

“नक्की गेली न्हवं?”

“आरं गेली. हरिबानं बघितलं.”

“मागच्यासारखं न्हाय न्हवं?”

“आरं बाबा, बसवलीया.”

“व्हिडिओ लावा.”

उमाशंकरनं मोबाईल तिच्या तोंडापुढं धरला. “अजून जवळ न्या,” अमरनाथ म्हणाला. तिकडनं तो निरखायला लागला. शरणम्माला वाटलं, आता लेकाला तरी कळंल. नऊ महिने पोटात असताना मी त्याची लाथ ओळखायची, त्याला माझं एवढं बी कळू नये?

“बरं,” अमरनाथ म्हणाला. “निघतो. चारपर्यंत पोचतो. सगळं तयार ठिवा, मला रात्रीच परत निघायचंय.”

आता कसं उलटं बसलं बघा. सात वर्षं ती ह्या लेकाची वाट बघत व्हती. आज तो निघाला, अन् तो उंबऱ्यात आला की हिला उचलायची. गाडी सोलापूरकडं जसजशी सरकत व्हती तसतसं शरणम्माचं मन दोन्हीकडनं ओढत व्हतं. येऊ दे रं देवा, एकदा बघू दे. नको रं देवा, टायर फुटू दे.

शिवलीला आली ती चिखलानं भरल्या पायांनी, खुरपं हातातच. दारात उभी राहिली. रडली न्हाय.

“सुटली म्हणायची,” एक बाई पुटपुटली.

“कोण, ती का ही?” दुसरीनं इचारलं.

शिवलीलेनं दोघींना बी ऐकलं. खुरपं कोपऱ्यात टाकलं, हातपाय धुतलं, तेलाची वाटी घेतली अन् सासूच्या मांडीपाशी येऊन बसली. मांडी घातलेली, उजवा पाय वर आलेला. तिनं पायाला तेल चोळायला घेतलं. बायका भजन म्हणत व्हत्या, त्या आवाजात ती वाकून सासूच्या कानाशी बोलली.

“अत्ती. सकाळी मी वाकळ उचलली न्हाय. आता बघती. ह्या खेपेला बी सोंग असलं तर सांगा, मी कुणाला सांगत न्हाय. तुमचा लेक येतोय, येऊ द्या त्याला, मंग उठा. पर मला सांगा. अंगठा हलवा.”

शरणम्माला हा एकच दरवाजा किलकिला झालेला. तिनं हुकूम सोडला. हल.

हुकूम कवटीतनं निघाला असंल. मानंच्या मणक्यातनं उतरला, फासळ्यांच्या मागनं, कंबरेतनं, जिथं ती पन्नास वर्षं कळ येती म्हणून खोटं हात लावत आली तिथनं, मांडीच्या मागनं, पोटरीतनं, घोट्याला वळसा घालून अंगठ्याच्या मुळाशी. अन् तिथं फट. तिनं परत सोडला. हल. परत. जन्मात तिनं इतकं काम कधी केलं नव्हतं. ना जात्यावर, ना मोटंवर, ना अमरनाथच्या बाळंतपणात. अख्खी शरणम्मा त्या एका तारेत शिरली.

कुठं तरी एक पुडी उरली असंल. अंगठा हलला. तीळभर.

शिवलीलेचा हात जागच्या जागी थांबला. “हलला,” ती म्हणाली. मंग मोठ्यानं, “हरिबामामा, हलला अंगठा.”

भजन बंद पडलं. हरिबा आला, गुडघ्यावर बसला, अंगठ्याकडं टक लावून बघितलं. सगळं घर बघत व्हतं. आत शरणम्मा हुकमावर हुकूम सोडत व्हती. अंगठा दगड.

“शीर आखडती बाई,” हरिबा म्हणाला. “मेल्यावर बी आखडती. कोंबडीची मान काढल्यावर बघितलं न्हाईस?”

“त्यांचा अंगठा हाय तो. मला ठाऊक हाय तो कसा हलतो.”

“लेकरा, दुःखात असं दिसतं.”

“मी दुःखात हाय असं तुमाला कुणी सांगितलं? मी म्हणती, त्या जित्त्या हायेत.”

बायका एकमेकीकडं बघायला लागल्या. धुरपताबाईनं शिवलीलेच्या खांद्यावर हात ठिवला, “ये बाई, जरा बाहेर बस. पाणी पी.” शिवलीलेनं दवाखान्यात न्या म्हटलं, गाडी बोलवा म्हटलं. उमाशंकर म्हणाला, “मयत दवाखान्यात नेली की चिरफाड करतेत. तुला तुझ्या सासूची चिरफाड पाहिजे का? लेक येऊ दे, तो म्हणंल तसं.” तिनं मोबाईल काढला तर त्यानं तो हातातनं अलगद घेतला, जशी लेकराच्या हातातली काडेपेटी घेतेत.

भिंतीपाशी जंगम स्वामी बसलेले, शरणबसप्पा म्हणून, म्हातारं माणूस. शेवटी त्यांनी मयताच्या डोक्याला पाय लावायचा, मंग उचलायचं. ते एवढंच म्हणाले, “लेक येईपर्यंत मी उठत न्हाय. तवर तिला तिथं बसू द्या.”

शिवलीला परत पायापाशी बसली. आता ती तेल लावत नव्हती, बोलत नव्हती. सासूचा अंगठा तिनं मुठीत धरला अन् तशीच बसून राहिली. तिला सोताला बी वाटायला लागलं व्हतं, की आपल्याला भास झाला असंल. पर मूठ सोडवंना.

शरणम्मा ऐकत व्हती. कान मिटता येत न्हाईत, ही त्यात वाईट गोष्ट. “शेवटी तरी गप्प बसली.” “पाटल्या कुठं ठिवल्यात इचारा सुनंला.” “सोंगं करून करून देवानं खरंच उचलली.” श्वास आता आणखी बारीक झालेला. दोन श्वासांमधी येवढं अंतर पडायचं, की तिलाच वाटायचं, हा शेवटचा. सुनंच्या मुठीची ऊब तेवढी कळत व्हती. बाकी सगळं अंग तिच्यापासनं लांब कुठं तरी, बांधाच्या पलीकडं बसल्यासारखं.

तीनच्या सुमाराला शेतावरनं गडी आले. पायाला ओली काळी माती.

“झाला खड्डा,” एकजण म्हणाला. “बसायचा कोनाडा बी काढलाय. म्हातारीच्या मापाचा. पाणी झिरपाया लागलंय, जास्त येळ लावू नका.”

ते ऐकून शरणम्माला पहिल्यांदा खरं भ्या वाटलं. मरायचं न्हाय. मरायचं तिनं इतक्यांदा करून दाखवलं व्हतं, की त्याची सवय व्हती. भ्या वाटलं ते त्या कोनाड्यात बसायचं. नाकापर्यंत माती येणार, अन् आपल्याला ती गार लागणार, अन् आपण मांडी बी मोडू शकणार न्हाय.

सव्वाचारला दारात गाडी वाजली.

अमरनाथ आत आला. बूट काढले. अंगाला कसला तरी वासाचा फवारा मारलेला, तो शरणम्माच्या नाकात शिरला. हाच का आपला लेक? वास तर परक्याचा. तो स्वामींच्या पाया पडला, मंग आईच्या पुढ्यात उकिडवा बसला. शिवलीलेकडं त्यानं बघितलं न्हाय. शिवलीलेनं बी मान वर केली न्हाय. मूठ घट्ट धरून बसली.

अमरनाथ म्हणाला, “अव्वा, मी आलो गं. उठ की आता.”

अन् शिवलीलेच्या मुठीत अंगठा हलला. तीळभर न्हाय. मेला म्हणून टाकलेल्या माशानं पाण्यात पडल्यावर टुणकन् उडावं तसा हलला. एकदा, अन् परत एकदा.

शिवलीला ओरडली न्हाय. तिनं हरिबाचा हात धरून ओढला, त्याची खापरासारखी बोटं अंगठ्यावर दाबली, अन् म्हणाली, “आता बोला.” तिसऱ्यांदा हलला तो हरिबाच्या बोटाखाली. हरिबाचं तोंड राखंसारखं झालं. त्यानं तोंडातली तंबाखू गिळून टाकली.

“जित्ती हाय,” तो म्हणाला. इतक्या हळू, की दोनदा म्हणावं लागलं.

अमरनाथ म्हणाला, “परत सोंग?”

शिवलीलेनं सात वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याच्या डोळ्याला डोळा दिला. “गाडीची किल्ली द्या,” ती म्हणाली. “न्हायतर सोता चालवा.”

शरणबसप्पा स्वामी उठून उभे राहिले. “जित्त्या माणसाला माती देत न्हाईत,” ते म्हणाले. “उचला. अन् आडवी करू नका. आहे तशी बसवून न्या.”

तशीच नेली. मांडी घातलेली, कपाळाला भस्म, मूठ सुतानं बांधलेली. मागच्या शिटावर शिवलीला तिला पोटाशी धरून बसली. वाटंत दोनदा श्वास थांबला, दोनदा तिनं सासूच्या पाठीत बुक्की मारली. तुळजापूरच्या अलीकडं बायपासला रांगंत अडकली तवा एका भाविकानं काचंतनं डोकावून बघितलं, भस्म बघून हात जोडले अन् फुलं आत टाकली.

धाराशिवला पोचल्या पोचल्या नळी घातली, मशीन लावलं. मशीन तिच्या वतीनं श्वास घेत व्हतं. इखावरची इंजेक्शनं दिली, पर डॉक्टरीणबाई म्हणाली, “जे संपलंय ते औषधानं परत येत नाही. तारांची टोकं पुन्हा उगवायला लागतील. पालवीसारखं. थांबायचं.” कोपरावर दोन ठिपके सापडले, टाचणीच्या टोकाएवढे. घरी वाकळ झटकली तर तिच्या घडीत कात निघाली.

अमरनाथ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबला. मंग हापिस.

पाचव्या दिवशी शरणम्मानं एक पापणी उचलली. नवव्या दिवशी नळी काढली. सोळाव्या दिवशी घरी आली. आवाज घोगरा, अन् पाय लटपटते. हरिबा गावभर सांगत सुटला, “डॉक्टर म्हणाल्या, म्हातारीची मज्जासंस्थाच बंद पडली व्हती.” पोरंटोरं हसली. म्हणाली, मज्जा बंद पडली म्हणून वाचली.

तसं ते खोटं बी नव्हतं. त्यानंतर शरणम्मानं सोंग घेतलं न्हाय. सोंग घ्यायला माणसाला खात्री लागती, की आपण वाटंल तवा उठू. ती खात्री गेली. धुरपताबाई आली की तेवढं म्हणायची, “ये बाई, बस. तोंडाला पाणी सुटलंय माझ्या.” धुरपताबाई इरजण दुसरीकडनं न्यायला लागली.

खणलेला खड्डा मोकळा ठिवत न्हाईत, न्हायतर तो माणूस मागतो म्हणतेत. उमाशंकर बुजवायला निघाला तर शरणम्मा काठी टेकत शेतावर गेली, कडंला उभी राहून आत बघितलं. कोनाड्यात पावसाचं पाणी साचलेलं, बेडूक बसलेला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “मापाचा हाय.”

शेवटी उमाशंकरला तिच्या बदली तिथं वरवंटा पुरून खड्डा बुजवावा लागला, तिचं जुनं लुगडं गुंडाळून.

आता दोघी एका खोलीत निजतात, खाटंवर. शरणम्मा पांघरुणाबाहेर उजवा पाय काढून ठिवती. शिवलीला दिवा घालवायच्या आधी अंगठ्याला हात लावती, तो हलला की झोपती. भांडणं अजून चालू हायेत, पर दिवा घालवल्यावर न्हाय.

एकदा शिवलीला म्हणाली, “अत्ती, त्या सकाळी मी वाकळ उचलायला पाहिजे व्हती.”

“उचलून काय झालं असतं? अंगठा हलत नव्हता. मी कुठं हसत व्हते?”

“तेच की,” शिवलीला म्हणाली. “हलत न्हाय, हे बघितलं असतं तर तवाच कळलं असतं, की खरं हाय.”

शरणम्मानं अंगठा तेवढा हलवला.

आता शप्पथ मोठ्यानं घेतली व्हती, म्हणून एवढं एक कबूल करते. अमरनाथ “अव्वा, मी आलो गं, उठ की आता” म्हणाला, ते म्या पदरचं घातलं. लई वर्षं सांगती ही गोष्ट असं समजू नका, पर जितक्यांदा सांगितली तितक्यांदा तिथं आल्यावर माझी जीभ अडली, अन् एखाद्या लेकानं काय म्हणावं ते तिनं आपणहून म्हणून टाकलं. तो तसं म्हणाला न्हाय. तो आईपुढं उकिडवा बसला, मोबाईलमधी टाईम बघितला, अन् स्वामींना इचारलं, “अजून किती येळ लागंल?”

अंगठा हसला तो त्याच्यावर.